खोल समुद्रातल्या स्क्विडना कोण खातं आणि ते आपल्याला कळतं कसं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मजेशीर आहे, म्हणून आधी तो घेतो. कळतं ते चोचीवरून.

स्क्विडचं अंग मऊ, शिकाऱ्याच्या पोटात गेलं की लवकर विरघळतं. पण बाहूंच्या मधोमध पोपटासारखी चोच असते, ती कायटिनची (कीटकांच्या कवचात असतो तो कठीण पदार्थ) असल्यामुळे पचत नाही. (पोपटासारखी, पण उलटी. खालची बाजू वरच्या बाजूवर चढलेली असते.) मी एक भिंगाखाली पाहिली आहे: टोक काळं कुळकुळीत, मागे जावं तसं तपकिरी आणि शेवटी पारदर्शक. हा मागचा भाग इतका नाजूक की वाळला की लगेच वाकडातिकडा होतो. खालच्या चोचीवरून बहुतेक वेळा जात ओळखता येते आणि स्क्विड केवढा होता याचा अंदाजही बांधता येतो. माल्कम क्लार्क या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्पर्म व्हेलच्या (दात असलेला एक प्रचंड देवमासा) पोटातल्या चोची तपासण्यात आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली.

कोलोसल स्क्विडचीच, म्हणजे सगळ्यात वजनदार स्क्विडची, गोष्ट बघा. त्याचं पहिलं वर्णन १९२५ साली झालं, तेही स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या बाहूंवरून. जिवंत कोलोसल स्क्विड त्याच्या खोल पाण्यात चित्रित व्हायला २०२५ उजाडलं. म्हणजे शंभर वर्षं व्हेल आपल्या पुढेच होता!

आता खाणारे. स्पर्म व्हेल, चोचवाले देवमासे, एलिफंट सील, तलवार मासा, काही शार्क. अल्बट्रॉससुद्धा. हा पक्षी काही हजार मीटर बुडी मारत नाही, मग? बऱ्याच खोल पाण्यातल्या स्क्विडच्या अंगात अमोनियाचे क्षार असतात, त्यामुळे ते पाण्यात हलके राहतात आणि मेल्यावर काही वर तरंगत येतात. पक्ष्याला आयतं जेवण.

चित्रांत दाखवतात ती राक्षसी स्क्विड आणि व्हेलची झुंज मात्र मला पटत नाही. व्हेलच्या तोंडाभोवती चोषकांचे (स्क्विडच्या बाहूंवरच्या, चिकटून धरणाऱ्या वाट्यांचे) गोल व्रण दिसतात हे खरं, पण चाळीस टनांच्या नरापुढे स्क्विडचं काय चालणार? ती जीव वाचवायची धडपड असते.

चोचींबद्दल एक सावधगिरी. माशांचे काटे पोटात लवकर विरतात, चोची साठत राहतात. त्यामुळे नुसत्या चोची मोजल्या तर शिकारी स्क्विडवरच जगतो असं वाटू लागतं.