आधी एक वाद्य, मग वाद्यवृंद

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून दोन वर्षांपासून तबला शिकतो, मुलगी सहा वर्षांची आहे. घरी नाट्यसंगीत आणि अभंग ऐकले जातात. मध्यंतरी दूरचित्रवाणीवर मोठा वाद्यवृंद आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार व ड्रम्स असा कार्यक्रम लागला, तेव्हा एरवी एका जागी न बसणारी ही दोघे शेवटपर्यंत हलली नाहीत. ही गोडी वाढावी असे मला वाटते, पण अशा सरमिसळीने मुलांचा कान बिघडेल, अशी सासूबाईंना काळजी आहे. त्यातच मुलगा आता तबला सोडून ड्रम्स शिकायचे म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सासूबाईंची काळजी निराधार नाही, म्हणून तिचा विचार आधी करू. पियानो, कीबोर्ड आणि आजच्या बहुतेक पेट्या यांचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. त्यामुळे त्यांच्यावरचा शुद्ध गंधार हा नीट जुळवलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या हिश्श्याएवढा, चढा असतो. सतत कीबोर्डच कानावर पडला, तर मुलाला तोच गंधार खरा वाटू लागतो. त्यावर उपाय म्हणजे रोज थोडा वेळ घरात तानपुरा लागू द्यावा. व्हायोलिन आणि चेलो यांना तर पडदेच नसतात. वादकाला प्रत्येक स्वर कानाने शोधावा लागतो. सरमिसळीने कान बिघडत नाही, एकाच प्रकारचा आवाज ऐकत राहिल्याने तो आळसावतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मध्य प्रदेशातल्या मैहरमध्ये अनाथ मुलांना हाताशी धरून जो वाद्यवृंद उभा केला, त्यात सतारीच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो होते, शिवाय बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेले नलतरंगही होते, आणि ती मुले त्यावर राग वाजवीत.

आता सुरुवातीविषयी. साठ-सत्तर वादक एकदम वाजवू लागले की लहान मुलाला तो सगळा आवाज एकच वाटतो, आणि त्यातून त्याच्या हाती लागतो तो फक्त ड्रम्सचा ठेका. म्हणून गर्दीतून एक वाद्य वेगळे ओळखायला आधी शिकवावे. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने 1936 मध्ये मुलांसाठी रचलेली ‘पीटर आणि लांडगा’ ही रचना त्यासाठी आजही मला सर्वांत उपयोगी वाटते. तिच्यात प्रत्येक पात्राला आपले वाद्य आहे : पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बासून आणि लांडग्याला तीन हॉर्न. आपले वाद्य वाजले की बोट वर करायचे, एवढाच खेळ ठेवावा. आमच्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी बदकाचे बोट सांभाळत होती. लांडग्याने बदक गिळल्यावर ती रडवेली झाली, पण शेवटी ओबोचा बारीक सूर पुन्हा ऐकू येताच, निवेदकाने सांगण्याआधीच, ‘ते आत जिवंत आहे’ असे म्हणत तिने बोट वर केले. ओबोला सनईसारखीच दुहेरी पत्ती असते. लग्नात ऐकलेल्या सनईची आठवण करून दिली, तर तो सूर मुलांना सहज ओळखता येतो.

त्यानंतर ओळखीच्या चालीचा आधार घ्यावा. सलील चौधरी यांनी ‘छाया’ (1961) या चित्रपटातल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्यासाठी मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची, सुरुवात घेतली आहे. आधी हे गाणे मुलांना गुणगुणता येऊ द्यावे, मग मूळ सिंफनीचे पहिले मिनिट ऐकवावे. चाल व्हायोलिनवर सुरू होण्यापूर्वीच व्हायोला या व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्यांची खालच्या सुरातली अस्वस्थ लगबग सुरू झालेली असते. ‘गाण्याच्या खाली काय चालले आहे?’ असे विचारून दोन-तीनदा ऐकवले, तर ती त्यांच्या लक्षात येते.

तुमच्या गावात नवरात्र हीसुद्धा मोठी शाळाच आहे. गरब्याला प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे असतात, तेव्हा गर्दी होण्याआधी मुलांना मंचाजवळ न्यावे आणि ढोल कोणता, ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य कोणते, हे दाखवावे. कीबोर्डमधून निघणारा भरघोस तंतुवाद्यांचा आवाज ही व्हायोलिनच्या ताफ्याची नक्कल असते. घरी आल्यावर खरा ताफा ऐकवला, की गजाच्या घासणीतला आणि जिवंतपणातला फरक मुले स्वतःच सांगतात. ध्वनिवर्धकाच्या अगदी पुढ्यात मात्र उभे राहू नये. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना 75 डेसिबल आणि आठवड्याला 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. गायक मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेतून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी विद्याशाखा झाली, ती तुमच्या घरापासून फार दूर नाही. तिथे जाहीर कार्यक्रम असेल, तेव्हा मुलांना अवश्य न्यावे.

एवढी तयारी झाल्यावर आधुनिक शैलींचा मिलाफ खुशाल ऐकवावा. अमेरिकी संगीतकार गर्श्विनच्या 1924 मधल्या, जॅझ आणि वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या आरंभी क्लॅरिनेट खालून वर जो घसरत जातो, त्याला तुमचा मुलगा कदाचित मींड म्हणेल. पंडित रविशंकर यांची 1971 मधली सतार आणि वाद्यवृंद यांची रचना तुकड्यातुकड्याने ऐकवावी, कारण ती सलग ऐकण्याइतका धीर या वयात नसतो.

राहिला ड्रम्सचा हट्ट. तो मोडू नये, पण तबलाही सोडवू नये. मुलाला वाद्यवृंदाचे एखादे चित्रीकरण दाखवा आणि मागच्या रांगेतला टिम्पनीवादक शोधायला सांगा. तांब्याच्या मोठ्या भांड्यांवर पुडी ताणलेली ही वाद्ये ठरावीक स्वरात लावावी लागतात, आणि रचनेत स्वर बदलला की भोवती सगळे वाजत असतानाच ती पुन्हा लावावी लागतात. अशा वेळी तो वादक पुडीवर कान टेकवून, बोटाने हलकेच टिचकी मारत सूर तपासताना दिसेल. हातोडीने गट्टे ठोकून तबला सुरात आणणाऱ्या मुलाला तो काय करतो आहे, हे सांगावे लागणार नाही.