जुन्या जीपला पॉवर ब्रेक करायचा आहे, बूस्टर ७ इंची घ्यावा की ९ इंची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला वडिलांच्या वेळची १९६९ सालची सीजे-३बी जीप आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. फोंडा घाटातून कोल्हापूरला जाऊन आलं की पाय भरून येतो. मेस्त्री म्हणतो, मारुतीचा जुना बूस्टर आणून बसवतो. साईज कुठली घ्यावी आणि माल कुठून आणावा, हे तुम्हाला हवंय.

साईज आधी सांगून टाकतो. पेडलच्या दांड्यावर थेट बसणारा बूस्टर घेणार असाल तर ७ इंची घ्या, ९ इंची नको. आता का, आणि तुमच्या जिपेला मी तोही का घेणार नाही, ते सांगतो.

बूस्टर म्हणजे ब्रेक दाबताना पायाच्या जोराला हातभार लावणारा डबा. त्यात एक रबरी पडदा असतो. ब्रेक सोडलेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते, पुढे व्हॅक्यूम तसाच राहतो, आणि हवेचा दाब पडद्याला पुढे रेटतो. म्हणजे जोर किती मिळणार ते दोनच गोष्टींवर ठरतं, पडद्याचं क्षेत्रफळ आणि इंजिनाचा व्हॅक्यूम. १८ इंच व्हॅक्यूम (हे गेजवरचे, पाऱ्याचे इंच) धरला तर ७ इंची पडदा कागदावर दीडशे किलोच्या आसपास जोर देतो आणि ९ इंची अडीचशेच्या. हजारेक किलोच्या, ९ इंची ड्रम असलेल्या रिकाम्या जिपेला अडीचशे किलोचा रेटा मिळाला, तर पावसात लाल मातीच्या रस्त्यावर पेडलला नुसता पाय लागला तरी चाकं जाम होतील. त्यात ड्रमच्या पुढच्या शूला (ड्रमला आतून टेकणारी कमान) ड्रमच फिरता फिरता आत ओढून घेतो, डिस्कला तसं होत नाही. म्हणून डिस्कच्या गाडीला शोभणारा बूस्टर ड्रमच्या गाडीला जड होतो.

आता खरा प्रश्न. जिपेत अजून पेट्रोल इंजिन आहे का? हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि निम्मं उत्तर त्यावर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जिपांत कधी ना कधी डिझेल इंजिन घातलेलं असतं. डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे इनटेकमध्ये बूस्टरपुरता व्हॅक्यूम तयारच होत नाही. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला येतो आणि त्याला इंजिन ऑईलची लाईन द्यावी लागते. पंपाशिवाय डिझेलला बूस्टर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पेट्रोल असेल तर मेस्त्रीकडे व्हॅक्यूम गेज मागा. तब्येतीने बऱ्या इंजिनाने समुद्रसपाटीला, आयडलवर १८ ते २० इंच दाखवायला हवेत. १६ च्या खाली काटा रेंगाळत असेल तर आधी टायमिंग, व्हॉल्व्ह आणि रिंगा बघा, बूस्टर नंतर. शिवाय चढाला लागलात की दर हजार फुटांना साधारण इंचभर व्हॅक्यूम कमी होतो. आंबोली ६९० मीटरवर आहे, म्हणजे तिथे दोन इंच गेलेच. देवगडच्या बाजारात जेमतेम चालणारा बूस्टर घाटमाथ्यावर, नेमका उताराच्या तोंडाशी, आणखी मंद होणार.

सीजे-३बीच्या मूळ पेट्रोल इंजिनाची, हरिकेनची, एक खोड आहे. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही, सिलेंडर हेडमध्येच ओतलेला आहे. त्यामुळे व्हॅक्यूमचं तोंड कुठून काढायचं यावर डोकं खाजवावं लागतं. कार्बोरेटरच्या खाली जाड स्पेसर घालून त्याला आटे पाडून निपल बसवणं हा सरळ मार्ग. वायपरच्या बारीक नळीला टी मारून बूस्टर चालवायची कल्पना कोणी सुचवली तर हात जोडा. बूस्टरला चांगली जाड, व्हॅक्यूमसाठीचीच होज लागते. साधी पाण्याची नळी आत चिपकते. आणि मध्ये नॉन-रिटर्न, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा, व्हॉल्व्ह हवाच.

मग जागा. सीजे-३बीचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा पंप, तुमच्या पायाखाली, चासीला बोल्ट केलेला असतो. मारुतीचा बूस्टर बॉनेटखाली, फायरवॉलवर बसायला बनवलेला. तो पत्र्याचा ब्रॅकेट करून फरशीखाली टांगतात, मी पाहिलेलं आहे. कोल्हापुरात ते चालून जाईल. आपल्याकडे नाही. बूस्टर प्रत्येक वेळी पेडल दाबताना हवा आत घेतो, आणि फरशीखाली ती हवा म्हणजे चिखल, खारा दमट वारा आणि साकवावरचं पाणी. डब्याच्या दोन पत्र्यांची दुमड असते तिथे खालच्या बाजूला पाणी साचतं आणि गंज तिथूनच धरतो. बारीक भोक पडलं की व्हॅक्यूम गळतो, इंजिन आयडलवर धडधडायला लागतं, आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

म्हणून तुमच्या जागी मी रिमोट सर्व्हो घेईन. जुन्या इंग्लिश गाड्यांना गर्लिंग आणि लॉकहीडचे असे सर्व्हो यायचे. हा पेडलला जोडतच नाहीत. मास्टर सिलेंडरमधून निघालेली ब्रेकची लाईन सर्व्होत जाते आणि वाढीव दाब घेऊन चाकांकडे निघते. त्यामुळे तो बॉनेटखाली, कोरड्या जागी, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसवता येतो आणि पायाखालचं काही कापावं लागत नाही. इथे इंचांपेक्षा रेशो, म्हणजे दाब किती पट होतो, ते विचारा. दोनास एकच्या आसपासचा पुरे. बसवताना तिरका बसवायचा असतो, नाहीतर आतली एअर निघता निघत नाही. एअर काढायला संध्याकाळ जाईल, हे धरूनच चला.

न कापण्याचा आणखी एक फायदा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात लागते, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. तुमची जीप वयात बसते. (डिझेल आधीच घातलं असेल तर हा परिच्छेद विसरा.)

मारुतीच्या बूस्टरसोबत त्याचाच मास्टर सिलेंडर येत असेल तर तो नको. तो पुढे डिस्क, मागे ड्रम धरून बनवलेला आहे. ड्रमच्या लाईनमध्ये पेडल सोडल्यावरही थोडा दाब राहावा लागतो, साधारण १० पीएसआय, आणि त्यासाठी जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या लाईनला तो नसतो. मग पहिल्या दाबाला पेडल खाली जातं, दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतो, आणि मेस्त्री म्हणतो ‘एअर राहिली असेल.’ तसंच पेडलचा रेशो, म्हणजे पेडलच्या दांड्याने पायाचा जोर किती पट होतो ते. बिनबूस्टरच्या गाडीला तो सहास एकच्या जवळपास ठेवतात, बूस्टरवाल्या गाडीला चारास एक. जुन्या लांब पेडलवर थेट बूस्टर चढवला की ब्रेक फार हुळहुळा होतो.

पण हे सगळं करण्याआधी चारही ड्रम उघडा. जीपचं पेडल जड होतं ते बरेचदा बूस्टर नसल्यामुळे होतच नाही. शूवरच्या लायनरवर आडवा खडू घासा, ड्रम चढवून हाताने फिरवा, हलका ब्रेक मारा आणि परत काढा. खडू फक्त मध्यावर पुसला गेला असेल तर शू ड्रमला पुरता टेकतच नाही. ड्रम लेथवर फिरवून घ्या आणि लायनर त्या गोलाईला घासून घ्या. या ब्रेकला ॲडजस्टरचे कॅम आणि तळाचे अँकर बोल्ट दोन्ही हाताने लावावे लागतात. अँकर बोल्टना कोणी हातच लावत नाही. व्हील सिलेंडरचे पिस्टन खाऱ्या हवेने अडकतात, रबरी होज आतून फुगतात. मीठ खाल्लेल्या लोखंडी पाइपांच्या जागी तांबे-निकेलचे पाइप घाला. एवढं केल्यावर पाय भरून यायचा थांबला, तर बूस्टरचे पैसे वाचले.

आणि घाट. बूस्टरने पायाला आराम मिळतो, ड्रमची उष्णता झेलायची ताकद तेवढीच राहते. मागे आंब्याच्या पेट्या भरून फोंडा चढायचा, कोल्हापूरहून परत तोच उतरायचा, तर दुसरा गिअर आणि इंजिन ब्रेकिंग याला पर्याय नाही. आपल्याकडे उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची जुनी सवय आहे, तेल वाचतं म्हणून. बूस्टर बसवल्यावर ती सवय जीव घेईल. इंजिन बंद असताना डब्यात दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो. तो संपला की पेडल टणक, आणि हलक्या पेडलची सवय झालेल्या पायाला तेवढा जोर लावायचा असतो हे वेळेवर सुचत नाही. जीप घरात आणखी कोणी चालवत असेल तर त्यांनाही हे सांगा.

ब्रेक ऑईल पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑईल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर हीच हमी १५५ वर येते. आपल्या हवेत मी ते दरवर्षी पावसाळा संपला की बदलतो.

बसवून झाल्यावर मेस्त्रीसमोर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर व्हॅक्यूम पोचत नाही. पुढे कधी ब्रेक ऑईल कमी होत असेल, खाली थेंब दिसत नसेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर सर्व्होचं सील गेलेलं असतं आणि ऑईल व्हॅक्यूमच्या नळीने इंजिनात जळत असतं. तेव्हा गाडी हलवू नका.

माल कुठे: जुना सामान बाजार म्हणाल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. डबा जुना चालेल, पण पडदा आणि सीलचं किट नवं मिळत असेल तरच घ्या, आणि डबा घ्यायच्या आधी नळीच्या तोंडातून आत बोट घालून बघा. ऑईलचा ओलावा लागला तर तिथेच ठेवून या.