टेस्ट निगेटिव्ह आणि विषाणू डीएनएत, दोन्ही खरं

मांजराच्या पिल्लाची ल्युकेमिया-विषाणूची टेस्ट निगेटिव्ह आली, आणि मग तुम्ही वाचलंत की हा विषाणू प्रत्येक मांजराच्या डीएनएत असतोच. म्हणून टेस्टचे पैसे पाण्यात गेले का, असं विचारलंय. नाही गेले. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडल्यामुळे हा घोळ होतो.

एक म्हणजे बाहेरून लागण होणारा फेलव्ह, म्हणजेच फेलाइन (मांजरांचा) ल्युकेमिया व्हायरस. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत पशुवैद्य विल्यम जॅरेट यांना तो कॅन्सर झालेल्या मांजरांत सापडला. तो लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एकाच वाडग्यात खाणं, चावाचावी. दुसरा आहे त्याचा घरजावई. फेलव्ह हा रेट्रोव्हायरस आहे, आणि असे विषाणू स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएत घुसवतात. फार पूर्वी अशी प्रत मांजरांच्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने उतरत राहिली. आपल्याकडच्या बाऊल या रानमांजरातही ती आहे, वाघ-बिबट्यात नाही. घरच्या मांजरात अशा डझनाच्या आसपास प्रती असतात, मांजरागणिक आकडा वेगळा. त्यांतून लागण करू शकेल असा विषाणू तयार होत नाही. क्लिनिकमधली टेस्ट रक्तात पी२७ हे प्रथिन शोधते, ते बाहेरच्या विषाणूचं. पीसीआर ही विषाणूचं जनुकीय साहित्य शोधणारी टेस्टसुद्धा दोघांत वेगळा असलेला तुकडाच पाहते.

मात्र घरजावई अगदीच निरुपद्रवी नाही. बाहेरच्या विषाणूचा फेलव्ह-ए हा प्रकार पेशीत शिरला, की कधीकधी या जुन्या प्रतीचा तुकडा उचलून आपल्या अंगावर चढवतो आणि फेलव्ह-बी हा नवा प्रकार तयार होतो. फेलव्ह-बी बहुतेक वेळा असाच, त्या मांजराच्या स्वतःच्या डीएनएतून साहित्य घेऊन जन्मतो. म्हणून खरं जपायचं ते बाहेरच्यापासूनच.

आता तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल. पिल्लाचे ते पांढरे मोजेही विषाणूचीच देणगी आहेत! हा फेलव्ह नव्हे, दुसराच एक जुना रेट्रोव्हायरस. किट नावाच्या जनुकात त्याची डीएनएच्या साधारण सात हजार अक्षरांची अख्खी प्रत बसली, की अंगावर पांढरे डाग येतात. प्रत झडून टोकाचा सहाशेएक अक्षरांचा तुकडाच उरला, तर मांजर पूर्ण पांढरं. २०१४ मध्ये हे उलगडलं. गर्भात रंगपेशी पाठीकडून निघून अंगभर पसरतात. त्यांच्या वाढीला आणि प्रवासाला किट लागतं. त्यात अडथळा आला की त्या पुऱ्या पडत नाहीत, आणि पंजे तर सगळ्यात लांब.

आतल्या कानालाही या रंगपेशी लागतात. म्हणून पूर्ण पांढऱ्या, त्यातही निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणा बराच. आमची ढवळी कुकरच्या तीन शिट्ट्यांतही ओट्याशेजारी ढिम्म झोपलेली असायची. आम्ही वर्षभर तिला आळशी म्हणत होतो.

तुमच्या पिल्लाला फक्त मोजे आहेत, त्यामुळे ती काळजी फारशी नको. टेस्ट मात्र महिन्याभराने पुन्हा करा, कारण लागण ताजी असेल तर पहिली निगेटिव्ह येऊ शकते. तोवर घरातल्या बोक्याचा वाडगा वेगळा ठेवा, आणि लशीचं डॉक्टरांना विचारा. तुम्हाला किंवा मुलांना याची लागण होत नाही.