बायबलमधले यहुदी सण ख्रिस्ती माणसानं पाळायचे का, आणि आपल्यासाठी त्यांचा अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की तुमच्या फेलोशिपमधले काही जण म्हणायला लागलेत, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायातले सण हे परमेश्वराचे सण आहेत, नुसते यहुद्यांचे नाहीत, म्हणून वल्हांडण आणि मांडवांचा सण आपण पाळलेच पाहिजेत, आणि ख्रिसमस-ईस्टर माणसांनी काढलेले आहेत म्हणून सोडून द्यायचे. यात तथ्य किती आणि घरात मुलांना काय शिकवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी पाळक नाही, पण आमच्या मंडळीत बरीच वर्षं शास्त्राभ्यास घेतो आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

सरळ सांगायचं तर सक्ती अजिबात नाही. पण हे सण माहीतच नसतील तर शुभवर्तमानं वाचताना निम्म्या गोष्टी डोक्यावरून जातात, आणि हे नुकसान सण न पाळण्यापेक्षा खूप मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

सक्तीचं आधी संपवतो. लेवीय 23 मध्ये "परमेश्वराचे नेमलेले सण" असं लिहिलंय हे खरंच आहे, पण तिथंच मोशेला सांगितलंय की इस्राएल लोकांना हे सांग. पुढं यहुदी नसलेले लोक प्रभूवर विश्वास ठेवायला लागले तेव्हा नेमका हाच वाद झाला, यांना नियमशास्त्र पाळायला लावायचं की नाही, आणि त्यावर यरुशलेमात बसून प्रेषितांनी जो निर्णय दिला तो प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये आहे. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा, बस एवढंच. सणांचं एक अक्षर नाही. सण पाळणं बंधनकारक असतं तर सांगायची जागा तीच होती. मग प्रेषित पौल कलस्सैकरांना पत्रात लिहितो की सण, अमावास्या, शब्बाथ यावरून कोणी तुमचा न्याय करू नये, या गोष्टी येणाऱ्याची छाया आहेत आणि ख्रिस्त ती खरी वस्तू आहे. रोमकरांस 14 मध्येही तेच, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. आणि गंमत बघा, हाच पौल स्वतः यहुदी म्हणून पेंटेकॉस्टला यरुशलेमात पोचायची घाई करत होता (कृत्ये 20). म्हणजे त्याला सणांचा तिटकारा नव्हता, ओझं लादण्याचा होता.

आणखी एक गोष्ट तुमच्या मंडळींना विचारा. "बायबलप्रमाणे" वल्हांडण म्हणजे कसा? अनुवाद 16 सांगतं की कोकरू परमेश्वर निवडेल त्याच ठिकाणी मारायचं, गावोगावी नाही. ते मंदिर इ.स. 70 मध्ये रोमन सैन्यानं पाडलं. त्यानंतर यहुदी लोकांनी मोठ्या कष्टानं तो सण घराच्या टेबलावर आणला, चार प्याले, मुलांनी विचारायचे प्रश्न, ठरलेला क्रम, ज्याला ते सेडर म्हणतात. ते रब्बींच्या परंपरेत घडत गेलं आणि इ.स. 200 च्या सुमाराच्या मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या शिकवणीच्या संग्रहात, त्याचं जुनं रूप वाचायला मिळतं. त्यामुळं आज काही चर्चमध्ये सेडर करून "प्रभूनं शेवटच्या भोजनात अगदी असंच केलं" असं सांगतात ते मला पटत नाही. मत्तय, मार्क, लूक यांच्या म्हणण्याप्रमाणे ते वल्हांडणाचं भोजन होतं, पण आजचा सगळा विधी त्या रात्री होता असं म्हणता येत नाही. शिवाय दुसऱ्याच्या घरातली पवित्र गोष्ट उचलून आणायची आणि वर त्यांनाच सांगायचं की तुम्हाला तिचा अर्थ कळला नाही, हे मला बरोबर वाटत नाही. यहुदी मित्रानं घरी बोलावलं तर जरूर जा, पाहुणा म्हणून बसा, ऐका.

आता अर्थाकडं येतो, कारण खरी श्रीमंती तिथं आहे.

वल्हांडण सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. निर्गम 12, मिसरमधली शेवटची रात्र, निर्दोष कोकरू, एजोब नावाच्या झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायची, कंबर कसून, पायात जोडे घालून घाईघाईनं जेवायचं. कोकराचं हाड मोडायचं नाही हेही त्याच अध्यायात आहे आणि योहान वधस्तंभाजवळ तेच आठवून सांगतो की प्रभूचे पाय मोडले नाहीत. आंब लावलेला बोळा एजोबावर ठेवून त्याच्या तोंडाशी नेला हे पण योहानच सांगतो, आणि एजोब हे नाव तिथं उगाच आलेलं नाही असं मला वाटतं. पौल तर सरळच म्हणतो की ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा यज्ञपशू आहे, म्हणून जुनं खमीर काढून टाका, वाईटपणाचं खमीर सोडा आणि सात्त्विकपणाची, खरेपणाची बेखमीर भाकर घेऊन सण पाळा. करिंथच्या मंडळीत यहुदी नसलेले पुष्कळ होते तरी पौल त्यांना "सण पाळा" म्हणतो, पण तो पाळायचा कशात, तर वागण्यात.

अजून एक, जे माझ्या फार आवडीचं आहे. मत्तय आणि मार्क लिहितात की भोजनानंतर ते स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडं गेले. वल्हांडणाला स्तोत्रसंहिता 113 ते 118 गायची रीत होती, म्हणजे बहुधा 118 वं स्तोत्र, बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगडच कोनशिला झाला हे वचन ज्यात आहे ते, प्रभूच्या ओठांवर होतं आणि तिथून तो गेथशेमानेत, जिथं त्याला धरलं त्या बागेत, गेला. हे समजल्यापासून मला ते स्तोत्र उपासनेत साधेपणानं म्हणताच येत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मांडवांच्या सणाकडं. हा शरद ऋतूतला सण, धान्य, द्राक्षं सगळं घरात आलेलं असतं आणि त्या देशात पूर्ण उन्हाळा पाऊस पडत नाही, त्यामुळं आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडं लागलेले असतात. सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायचं, अरण्यातली 40 वर्षं आठवायची. मंदिराच्या काळी या सणात एक विधी असायचा, मिश्नामध्ये त्याचं वर्णन आहे. याजक सोन्याच्या सुरईत शिलोहाच्या तळ्यातलं पाणी भरून आणायचा, पाणीवेशीत शिंग फुंकायचे, आणि ते पाणी वेदीवर ओतायचे, म्हणजे देवा, पाऊस दे. रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दीपस्तंभ पेटवायचे, त्याच्या वाती याजकांच्या जुन्या झालेल्या वस्त्रांच्या असायच्या, आणि म्हणतात की त्या उजेडात यरुशलेममधलं एक अंगण अंधारात राहायचं नाही. आता योहान 7 उघडा. सणाच्या शेवटल्या, महत्त्वाच्या दिवशी येशू उभा राहून मोठ्यानं म्हणतो, कोणी तान्हेला असेल तर त्यानं माझ्याकडं यावं आणि प्यावं. आणि 8 व्या अध्यायात, मी जगाचा प्रकाश आहे. जिथं आठवडाभर पाणी ओतलं गेलं आणि दिवे लागले त्याच गर्दीत, त्याच आवारात तो हे बोलतोय! सण माहीत नसला तर ही दोन छान वाक्यं वाटतात, भिंतीवर लावायची. सण माहीत असला की कळतं लोकांत एवढी खळबळ का झाली.

पेंटेकॉस्टचंही तसंच. पवित्र आत्मा उतरला तो दिवस एवढंच आपल्याला माहीत असतं, पण त्या दिवशी पार्थी, मेदी, मिसरचे, रोमचे एवढे लोक यरुशलेमात आले कुठून? सप्ताहांच्या सणाला आले होते ते. जवाची पहिली पेंढी ओवाळल्यापासून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पायच्या, त्या मात्र खमीर घातलेल्या. आणि लेवीय 23 मध्ये या सणाला लागूनच देव सांगतो की शेताच्या कडा कापू नका, पडलेल्या लोंब्या गोळा करू नका, त्या गरिबाला आणि परक्याला राहू द्या. अनुवाद 16 मध्ये तर यादीच आहे, दास, दासी, लेवी, उपरी, अनाथ, विधवा, सगळ्यांना घेऊन आनंद करायचा. सणांचा हा भाग पाळायचा आग्रह कोणी धरला तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. आमच्याकडं हंगामाच्या उपासनेला लोक पहिलं धान्य, भाज्या, अंडी, कोंबडी असं वेदीपुढं आणतात आणि मग लिलाव होतो, त्या पैशातला वाटा गरजूंना जायलाच हवा असं मी दरवर्षी बोलतो ते याच अध्यायामुळं.

प्रायश्चित्ताच्या दिवसावर थोडंच बोलतो कारण इब्री लोकांस पत्राचे 9 आणि 10 हे अध्याय त्यावरच आहेत, लेवीय 16 शेजारी उघडून वाचा. मुख्य याजक वर्षातून त्या एकाच दिवशी परमपवित्रस्थानात जायचा, ख्रिस्त एकदाच गेला, कायमचा. आणि यावरूनच व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या त्या चार्टबद्दल बोलायला हवं, वसंतातले चार सण प्रभूच्या पहिल्या येण्यात पूर्ण झाले, शरदातले तीन दुसऱ्या येण्यात होणार. दिसायला सुबक आहे, पण प्रायश्चित्ताचा दिवस शरदातलाच, आणि इब्री पत्र तो आधीच वधस्तंभाशी जोडतं, मग चार्ट तिथंच मोडतो. आणि शरदातला पहिला सण जो कर्ण्यांचा, त्याच्या तोंडावर, सप्टेंबर आला की "या वर्षी प्रभू येणार" असे जे व्हिडिओ सुरू होतात त्यांच्यापासून कृपया लांब राहा. तो दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं प्रभूनं स्वतः सांगितलंय, मार्क 13.

आता ईस्टर सोडायचं का. अहो, ईस्टर वल्हांडणातूनच आलाय! आशिया मायनरमधल्या मंडळ्या तो यहुदी निसान महिन्याच्या 14 तारखेलाच पाळायच्या, वार कुठलाही असो, रोमवाले रविवारी पाळायचे. इ.स. 155 च्या आसपास स्मुर्णेचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प या विषयावर बोलायला रोमला गेला, तिथला बिशप अनिसेटस याच्याशी त्याचं एकमत झालं नाही, तरी अनिसेटसनं त्याला मानानं प्रभुभोजन चालवायला दिलं आणि दोघं शांतीनं वेगळे झाले. तुमच्या फेलोशिपमध्ये हा प्रसंग नक्की सांगा. पुढं 325 मध्ये निकियाच्या परिषदेनं सगळ्यांसाठी एकच रविवार ठरवला, आणि त्यानंतरच्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रात यहुद्यांशी आपलं काही सामायिक नको असा कडवट सूर आहे. तो सूर पुढं वाढतच गेला. युरोपात यहुदी लोकांना पुनरुत्थानाच्या सणाचीच भीती वाटायची, 1903 साली रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ईस्टरच्याच दिवशी त्यांची कत्तल सुरू झाली. म्हणून हे सण शिकताना मान खाली घालून शिकावेत असं मला वाटतं. यहुद्यांना काही कळत नाही आणि आम्हाला सगळं कळलं, हा सूर नको.

आणि यहुदी म्हणजे कुठले तरी लांबचे लोक, असंही नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलतच हे सण पाळत आले. वल्हांडणाला ते अनशी ढाकायचा सण म्हणायचे, आंबट कालवणाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, खमीर नको म्हणून. 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी सेडरची पोथी छापली गेली, तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. आणि केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती घरांमध्ये प्रभुभोजनाच्या गुरुवारी रात्री पेसहा अप्पम करतात, तांदूळ-उडदाची बेखमीर भाकर, घरातला वडील माणूस प्रार्थना करून ती कापतो आणि नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या पेयाबरोबर सगळ्यांना वाटतो. हे मला फार आवडतं, कारण ते कोणाची नक्कल करत नाहीत, पिढ्यानपिढ्या त्यांच्या मंडळीच्या अंगात मुरलेलं आहे आणि मध्ये ख्रिस्तच आहे.

मुलांसाठी म्हणाल तर असं करा. उपवासकाळात एका संध्याकाळी घरी बसून निर्गम 12 आणि लूक 22 लागोपाठ मोठ्यानं वाचा, मुलांना प्रश्न विचारू द्या, निर्गममध्येच लिहिलंय की मुलं विचारतील या सेवेचा अर्थ काय तेव्हा त्यांना सांगा. पेंटेकॉस्टच्या आठवड्यात रूथचं पुस्तक वाचा, यहुदी लोक या सणाला तेच वाचतात, आणि लोंब्या वेचणारी परकी मुलगी दाविदाची पणजी कशी झाली ते सांगा. ऑक्टोबरच्या सुमाराला योहान 7 आणि 8. तारखा दरवर्षी सरकतात कारण त्यांचं कॅलेंडर आपल्या पंचांगासारखं चंद्रावर चालतं आणि अधूनमधून अधिक महिना धरतं, पण तारीख जुळवायच्या मागं लागू नका. आणि फेलोशिपमध्ये कोणाला आपल्या घरी वल्हांडणाची आठवण करायची असेल तर त्यांना अडवू नका, त्यांनी तुम्हाला कमी विश्वासू म्हटलं तर रोमकरांस 14 शांतपणे उघडून एकत्र वाचा, वाद न घालता.