ब्रोनिका एसक्यू-ए की मामिया आरबी ६७?

दादरच्या एका गृहस्थांकडे ब्रोनिका एसक्यू-ए हा जुना फिल्म कॅमेरा, ८० मिमीची लेन्स आणि दोन बॅक (फिल्म भरायचे सुटे डबे) आहेत, 'शटर कधीकधी भलत्याच स्पीडला पडतं' म्हणून ते स्वस्तात देतायत, मग त्यापेक्षा मामिया आरबी ६७ बरा का, असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही. माझ्या कॅमेऱ्यालाही हेच झालं होतं.

एसक्यू-एचं शटर लेन्समध्ये असलं तरी त्याची वेळ बॉडीतलं सर्किट सांभाळतं, सहा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. बॅटरी उतरली तरी कॅमेरा बंद पडत नाही. डायलवर काहीही लावा, शटर १/५०० सेकंदालाच पडतं. आरसा उचलला जातो, फिल्म पुढे सरकते, शंकाही येत नाही. नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यातल्या गल्लीत, ढगाळ उजेडात, मी १/३० लावून दोन रोल काढले. चोवीसच्या चोवीस फ्रेम चार स्टॉप कमी, म्हणजे हवा त्याच्या सोळावा हिस्सा प्रकाश. निगेटिव्ह जवळजवळ कोऱ्या. आणि पुढची नारळी पौर्णिमा थेट वर्षानं.

दुरुस्तीवाल्यानं (नाव घेत नाही) 'सर्किट गेलंय' म्हणून बॉडी चार महिने अडकवून ठेवली आणि पार्ट मिळत नाही म्हणून तशीच परत दिली. वर तपासणीचे पैसे घेतले. मी दुसरी बॉडी विकत घेतली, जुन्यातली बॅटरी तिच्यात टाकली, तर तिचंही तेच! तेव्हा उलगडा झाला. चार महिन्यांत त्या माणसानं नवी बॅटरी घालूनसुद्धा पाहिली नव्हती. याचा राग अजून जात नाही.

आरबीला बॅटरीच लागत नाही, निगेटिव्ह मोठी, बॅक फिरवून उभी-आडवी फ्रेम घेता येते. पण अडीच किलोचं ते धूड घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढून बघा. स्टुडिओ असेल तर आरबी. रस्त्यावर फिरणार असाल तर माझं मत ब्रोनिकालाच. भर दुपारी १/५०० लाही फ्लॅश जुळतो, सावलीतले चेहरे उजळतात. मात्र तॅमरॉन या मालक कंपनीनं ब्रोनिका २००५ मध्ये कायमचं बंद केलं, त्यामुळे सर्किट खरंच गेलं असेल तर जुन्या बॉडीतूनच पार्ट काढावा लागेल. मी मेकॅनिक नाही, हे सगळं माझ्या दोन बॉडींवरून सांगतोय.

आणखी एक, लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. घेण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघा.

जाताना ४एलआर४४ ही नवी बॅटरी खिशात असू द्या. ती घालून स्पीड १ सेकंदावर लावा आणि कान देऊन ऐका. शटर दाबल्यावर एक खट, मग सेकंदभरानं दुसरी खट आली, तर तिथल्या तिथे पैसे द्या. दोन्ही एकदमच आल्या, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.