ग्रॅमभर पावडर जमली, आता पुढे?

प्रिय विद्यार्थिनी,

सुपरक्रिटिकल, म्हणजे जास्त दाब-तापमानात धड द्रव नाही, धड वायू नाही अशा अवस्थेतल्या, कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने औषधाची बारीक पावडर करण्याचा तुझा बी.टेक.चा प्रकल्प चांगला झाला. आता याच विषयात एम.टेक. करावं, की बाबा म्हणतात तशी लगेच नोकरी धरावी, असं तू विचारलं आहेस.

एम.टेक. जरूर कर. मात्र प्रबंधासाठी आणखी एका औषधाची पावडर घेऊ नकोस, स्केल-अप घे, म्हणजे प्रयोगशाळेतली प्रक्रिया कारखान्याच्या आकाराला नेण्याचं काम. सुपरक्रिटिकल द्रावकात विरघळलेला घन पदार्थ दाब उतरताच बाहेर पडतो, हे हॅने आणि होगार्थ या संशोधकांनी 1879 मध्येच दाखवलं होतं. तत्त्व एवढं जुनं आहे. अडतं ते आकार वाढवताना.

तुझं दाबाचं भांडं दहापट रुंद केलं, तर तेवढ्याच दाबासाठी त्याची भिंतही साधारण दहापट जाड लागेल. उंचीही दहापट केलीस तर आकारमान हजारपट होईल आणि उष्णता देणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. नोझलपाशी, म्हणजे फवारा सोडणाऱ्या बारीक तोंडाशी, वायू प्रसरण पावताना इतका गार होतो की तोंड गोठून बंद पडू शकतं. नोझल नुसतं मोठं केलं तर मिसळण्याचा वेग बदलतो आणि कणांचा आकारही. म्हणून अनेक नोझल शेजारी शेजारी लावण्याचा मार्ग निघाला, पण मग सगळ्यांना सारखा प्रवाह मिळायला हवा. फिल्टरवर साठलेली पावडर दाब न सोडता बाहेर कशी काढायची? कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून पुन्हा कसा फिरवायचा? या प्रश्नांवर काम केलेला माणूस औषध कंपनीला हवा असतो, कारण हे ज्ञान स्प्रे ड्रायिंगला (द्रावण फवारून सुकवणं) आणि क्रिस्टलायझेशनलाही (द्रावणातून स्फटिक काढणं) उपयोगी पडतं. एकाच तंत्रावर पोट अवलंबून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी आताच सुरू कर. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि आयआयटी या दोन्ही ठिकाणी अर्ज कर, पुढे पीएच.डी. करावीशी वाटली तर पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे. प्रवेश घेण्याआधी मार्गदर्शकांना एवढं नक्की विचार: पायलट प्लांटवर, म्हणजे कारखान्याच्या छोट्या चाचणी-संयंत्रावर, हात लावायला मिळेल का? नुसत्या संगणकावरच्या सिम्युलेशनवर दोन वर्षं घालवू नकोस.

बाबांची काळजी रास्त आहे. यंदा प्रवेश नाही मिळाला, तर मसाल्यांचे अर्क काढणाऱ्या सुपरक्रिटिकल प्लांटमध्ये नोकरी बघ. केरळात असे प्लांट आहेत. तिथे पावडर बनत नाही, पण पंप, दाबाची भांडी, वायूचं पुनर्चक्रण आणि सुरक्षेचे नियम हे सगळं हाताखालून जाईल, आणि पुढच्या वर्षी गेट पुन्हा देता येईल.