सिमेंट मारलं तरी भिंत ओलीच

प्रश्न: नमस्कार सर, नागपूरपासून दीडेक तासावर आमचं गाव आहे, तिथं एक जुनं दगडी चर्च आहे, पायरीजवळ १८८८ कोरलंय. म्हातारे लोक म्हणतात हिस्लॉप साहेबांनी बांधलं. चार वर्षांआधी वर्गणी काढून आतून सिमेंटचा गिलावा मारला, वरून ऑइल पेंट. आता खालून तीन फुटांपर्यंत पोपडे पडतात, पांढरी भुकटी येते. मिस्त्री म्हणतो वॉटरप्रूफिंग करा आणि कौलं काढून स्लॅब टाका. काय करावं?

उत्तर: भाऊ, आधी हिस्लॉप साहेबांचं निपटवू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले १८४५ ला आणि सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले, म्हणजे तुमचा १८८८ चा दगड खरा असेल तर बांधणारा कोणी दुसराच.

आता भिंत. आपल्या देशात सिमेंटचा मोठा कारखाना पोरबंदरला सुरू झाला १९१४ मध्ये, त्यामुळे तुमची जुडाई चुन्याचीच असणार. एका कोपऱ्यात पोपडा काढा नि दगडांमधल्या दरजेत खिळा फिरवून बघा, मसाला भुरभुर निघाला तर चुना, खिळाच घसरला तर मधे कोणीतरी सिमेंट भरलंय. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते पण उन्हाळ्यात ती बाहेर सोडूनही देते, तुम्ही वर सिमेंट आणि ऑइल पेंट मारून तिचं तोंडच बांधलं, मग पाणी आतच वर चढतं आणि सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचून त्याला ढकलतात. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. वॉटरप्रूफिंग म्हणजे तोंडावर अजून एक पट्टी, पैसे पाण्यात.

पहिले पाणी कुठून येतं ते शोधा, बरेचदा चर्चभोवती पेव्हिंग ब्लॉक टाकून जमीन वर आलेली असते नि पावसाचं पाणी थेट भिंतीला लागतं. जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला करा, मगच आतला सिमेंट हाताने छिन्नीने काढा, ब्रेकर मशीन लावू नका, दगड हलतो. एक उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवा, कुरूप दिसेल, दिसू द्या. मग भिजवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, ओलीच्या जागी थोडी सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड, पातळ थर. काम दिवाळीनंतर काढा, मे महिन्यात आपल्याकडे चुना धरायच्या आधीच वाळून फुटतो, तरीही वर ओलं बारदान ठेवावंच लागतं.

स्लॅबचं तर नावच काढू नका बाप्पा! ती भिंत कौलांसाठी बांधलेली आहे, खाली आपली काळी माती, पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, त्यावर एवढं ओझं टाकलं तर कमानींना तडे जातील. त्यापेक्षा सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, तपासा, जिथे लाकूड भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, भसकन आत गेला तर तेवढंच टोक सडलंय, चांगला सुतार तेवढाच तुकडा बदलून जोड मारून देतो.

रंग शेवटी, आणि चुन्याचीच सफेदी. ऑइल पेंटचे डबे उरले असतील तर फाटकाला मारून टाका.